कार्टूनचं गाणं कवीनं लिहावं

ऑफिसची पार्टी संपून मंडळी कराओकेला गेली की जपानात थोड्याच वेळात अ‍ॅनिमेची, म्हणजे जपानी कार्टून मालिकांची, गाणी सुरू होतात. ती काही फक्त तरुण मुलं गात नाहीत. निवृत्तीला आलेले विभागप्रमुख उभे राहून 1974 सालच्या 'स्पेस बॅटलशिप यामातो'चं शीर्षकगीत खणखणीत आवाजात म्हणतात. चाळिशीतल्या बायका 'सेलर मून'चं गाणं घेतात, नुकताच नोकरीला लागलेला मुलगा लिसा या गायिकेचं 'गुरेंगे' घेतो. आणि 1995 च्या 'इव्हांगेलियन'चं 'झान्कोकु ना तेन्शी नो तेझे' लागलं की माइक कोणाच्या हातात आहे याला अर्थच उरत नाही, सगळी खोली गाते. गाणं कार्टूनचं आहे म्हणून कोणी ओशाळत नाही.

मी टोकियोत राहते आणि मराठीवरचे वाद फोनवर वाचते. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारनं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा आदेश काढला आणि जूनच्या अखेरीस तो मागे घेतला. मागे घेतला ते योग्यच झालं असं माझं मत आहे. त्या दोन-अडीच महिन्यांत शाळा, पाट्या, बँकेतले कर्मचारी, परप्रांतीय, सगळ्यांवर बोलणं झालं. शाळेतून घरी आलेलं पोर दप्तर टाकून टीव्हीसमोर बसतं तेव्हा त्याच्या कानावर कुठल्या भाषेतलं गाणं पडतं, यावर मात्र मला फारसं काही वाचायला मिळालं नाही. माझ्या मते सगळ्यात आधी तेच विचारायला हवं होतं.

जपाननं हा प्रश्न फार लवकर गंभीरपणे घेतला. 1963 साली 'अ‍ॅस्ट्रो बॉय' टीव्हीवर आला. त्याच्या शीर्षकगीताचे शब्द शुंतारो तानिकावा यांनी लिहिले. तानिकावा म्हणजे आधुनिक जपानी कवितेतलं अगदी वरचं नाव, 2024 मध्ये ते वारले. त्या गाण्याची धून आज टोकियोच्या ताकादानोबाबा स्टेशनवर लोकल सुटताना वाजते. 'यामातो'चे शब्द यू आकू यांचे, त्या काळात मोठमोठ्या गायकांची गाणी लिहिणाऱ्या माणसाचे. मुलांचं आहे, चालून जाईल, असा हिशेब या लोकांनी केला नाही.

मला सगळ्यात जास्त भिडतं ते 'आनपानमान'चं गाणं. हा पावाच्या डोक्याचा नायक. पावात लाल कडधान्याचं गोड सारण असतं, आणि कोणी भुकेलेलं भेटलं की तो आपल्याच डोक्याचा तुकडा मोडून त्याला देतो. प्रेक्षक दोन-तीन वर्षांचे. पण ताकाशी यानासे यांनी त्यांच्यासाठी लिहिलेलं गाणं थेट विचारतं, आपण कशासाठी जन्मलो आणि काय करत जगायचं? याचं उत्तर देता न येणं मला मान्य नाही, असंही म्हणतं. यानासे सैनिक म्हणून चीनमध्ये होते, भूक त्यांनी सोसली होती, धाकटा भाऊ युद्धात गेला होता. 2011 चा भूकंप आणि त्सुनामी झाली तेव्हा हे गाणं लावा म्हणून रेडिओकडे विनंत्यांचा ओघ लागला. माझी मुलगी इथल्या पाळणाघरात हेच गाणं शिकली. ती ते म्हणत असते तेव्हा माझं हातातलं काम थांबतं. एवढ्याशा पोराला इतका मोठा प्रश्न सोप्या शब्दांत देता येतो, हे मी तिच्या तोंडून ऐकलं.

सगळंच असं नाही, हेही सांगते. पुढे पुढे रेकॉर्ड कंपन्यांनी आपल्या बँडच्या जाहिरातीसाठी गोष्टीशी संबंध नसलेली गाणी अ‍ॅनिमेला चिकटवली, आजही चिकटवतात. पण चांगल्याचा पाया आधी घातला गेला होता, म्हणून योआसोबी या जोडीचं 'आयडॉल' 2023 मध्ये आलं ते एका अ‍ॅनिमेचं शीर्षकगीत म्हणूनच, आणि बिलबोर्ड जपानच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग 21 आठवडे पहिलं राहिलं. (नवीन आलेल्यांनी कराओकेत त्याच्या वाटेला जाऊ नये. स्वर सारखे बदलतात आणि मध्ये रॅप आहे. 'डोरेमॉन'पासून सुरुवात करावी.)

आता आपल्याकडे. 'नाच रे मोरा' 1953 चं, म्हणजे 'अ‍ॅस्ट्रो बॉय'च्या दहा वर्षं आधीचं. शब्द गदिमांचे, चाल पुलंची, आवाज आशाबाईंचा. मुलांच्या एका गाण्याला त्या काळातली सर्वांत मोठी माणसं बसली होती. मराठी मालिकांची शीर्षकगीतंही आपण जीव ओतून केली. अशोक पत्कींनी संगीत दिलेली 'आभाळमाया', 'वादळवाट' लोक अजून गुणगुणतात. तेव्हा आपल्याला हे जमत नाही असं कोणी म्हणू नये.

धागा तुटला तो कार्टूनपाशी. माझ्या पिढीनं दूरदर्शनवर 'जंगल बुक' पाहिलं. ते मुळात जपानीच अ‍ॅनिमे. पण 'जंगल जंगल बात चली है' हे काही जपानी शीर्षकगीताचं भाषांतर नाही. गुलजारांनी ते नव्यानं लिहिलं आणि विशाल भारद्वाज यांनी चाल लावली. दादर ते नांदेड, चाळिशीच्या कोणालाही ते आज पाठ आहे. आमच्या पिढीचं सर्वांत लाडकं कार्टूनचं गाणं हिंदीत आहे, कारण हिंदीनं त्यासाठी कवी बसवला. पुढे डोरेमॉन आला, शिनचॅन आला, तेही आपल्या घरांत हिंदी बोलतच आले. बांगलादेशानं 2013 मध्ये मुलं हिंदी बोलायला लागली म्हणून हिंदी डोरेमॉनवर बंदी घातली. बंदी मला पटत नाही. पण नंतर तिथे डोरेमॉन बंगालीत डब झाला, हे मात्र मनापासून पटतं.

दुसरी गोष्ट गाण्याच्या जागेची. इथल्या कराओकेच्या पडद्यावर प्रत्येक कांजी अक्षराच्या (चिनीतून आलेल्या चित्रासारख्या अक्षराच्या) डोक्यावर 'काना' या सोप्या उच्चारलिपीत बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो आणि शब्दांचा रंग तालाबरोबर बदलत जातो. परक्या माणसालाही गाता येतं. कितीतरी कांजी माझ्या डोक्यात वर्गातून आली नाहीत, या पडद्यावरून आली. लहानपणीचं गाणं म्हातारपणापर्यंत टिकतं ते असं, कारण ते म्हणायला जागा आहे आणि शब्द समोर आहेत. पुण्यात, नागपुरात निवृत्त मंडळींचे कराओके ग्रुप जोरात आहेत, त्याचा मला आनंद आहे. गळा तयार नसलेल्यांनी गाऊ नये म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. पण त्या ग्रुपांत बहुतेक वेळ जुनी हिंदी सिनेगीतंच चालतात. बालभारतीतल्या कविता आपल्याला चालीसकट पाठ आहेत. त्यांचे चांगले ट्रॅक, देवनागरी शब्दांसह, का असू नयेत?

बाजार लहान आहे, हे उत्तर मी ऐकलेलं आहे. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाखांहून जास्त होते. जपानची सगळी लोकसंख्या 12 कोटींच्या आसपास आहे. फरक पैशाचा आहे हे खरं, पण एक शीर्षकगीत दीड मिनिटाचं असतं. एक कवी, एक संगीतकार, एक गायिका आणि स्टुडिओचे काही तास. भाषेसाठी सरकार पैसे काढतं, संस्था चालवतं, पंधरवडे साजरे करतं. त्यातला थोडा भाग इकडे वळवावा. मराठीत डब होणाऱ्या प्रत्येक कार्टूनचं शीर्षकगीत आजच्या चांगल्या कवीकडून नव्यानं लिहून घ्यावं, हिंदीवरून ओळीला ओळ जुळवून नको. गाण्याखाली कवीचं नाव यावं. आणि कराओके ट्रॅक पहिल्याच दिवशी सगळ्यांना फुकट मिळावा, म्हणजे टोकियोतल्या मंडळाच्या गणपतीत आमची पोरंही तो लावून गातील.