मेक्सिकोच्या जुन्या नाण्यावर आकडा दुहेरी दिसला, म्हणून लगेच ती ओव्हरडेट ठरत नाही

'मेक्सिकोच्या जुन्या चांदीच्या नाण्यावर सालाचा आकडा दुहेरी दिसला की ती ओव्हरडेट. ही टांकसाळीची चूक, म्हणून नाणं दुर्मीळ. मोबाइलवर फोटो मोठा केला की लगेच कळतं.' हा मजकूर नाणेसंग्राहकांमध्ये खूप फिरतो आहे. ओव्हरडेट म्हणजे सालाच्या जुन्या आकड्यावर वेगळा, नवा आकडा ठोकलेलं नाणं. त्यावर विसंबून लोक साध्या नाण्याला दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

'टांकसाळीची चूक' या विधानापासून सुरुवात करू. १८२३ ते १८९७ या काळात मेक्सिको सिटी, ग्वानाह्वातो, झाकातेकास, दुरांगो अशा अनेक टांकसाळींनी टोपी-किरणांचे ८ रेआलेस (टोपी आणि तिच्याभोवती किरण असं चित्र असलेली चांदीची नाणी) पाडले. त्यांच्या डायवर (नाणं पाडायच्या ठशावर) साल आणि चांदीचा कस तपासणाऱ्या परीक्षकांची आद्याक्षरं सुट्या पंचांनी, म्हणजे एकेका आकड्या-अक्षराच्या खिळ्यांनी, हाताने ठोकली जात. डाय बनवणं खर्चिक आणि वेळखाऊ काम. वर्ष संपलं तरी धड असलेली डाय फेकत नसत. जुना आकडा थोडाफार घासून त्यावर नवा ठोकत. हे जाणूनबुजून केलेलं काम आहे, चूक नव्हे. आकड्यांमधलं अंतर कमीजास्त असणं किंवा एखादा आकडा तिरका बसणं हीसुद्धा हातकामाचीच खूण. त्यावरून फार तर डाय वेगळी आहे एवढं कळतं.

आता मुख्य मुद्दा: दुहेरी आकडा. त्याची कारणं निदान तीन, आणि त्यांतलं एकच ओव्हरडेटचं.

पहिलं, ठोका बसताना डाय किंचित हलणं. यात आकड्याच्या कडेला सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ आकडा तेवढाच बारीक होतो. शेजारची अक्षरंही त्याच दिशेला सरकलेली असतील, तर शंकाच नको. अशा नाण्याला जादा किंमत नाही. दुसरं, तोच आकडा पुन्हा ठोकणं: ८ वर ८. ही खरी डाय-जात आहे, पण ओव्हरडेट नाही. तिसरं, वेगळ्या आकड्यावर नवा आकडा. इथे खालच्या आकड्याचा अवशेष उठावदार, गोलसर कडांचा आणि बहुधा वरच्या आकड्यापेक्षा बुटका असतो.

अवशेष कुठे शोधायचा, हे आकड्यांच्या जोडीवर ठरतं. नाण्यावरचे आकडे इंग्रजी वळणाचे (2, 3, 4, 5, 7, 8) असतात, हे लक्षात ठेवा. ८ खाली ७ असेल, तर ७ ची आडवी रेघ ८ च्या माथ्याशी आणि तिरका दांडा त्याच्या पोकळीत दिसतो. ३ खाली २ असेल, तर २ चा सपाट तळ ३ च्या खालच्या वळणाबाहेर डोकावतो. ५ खाली ४ असेल, तर ४ च्या आडव्या रेघेचं टोक उजवीकडे शोधा. शेवटचाच आकडा बघून थांबू नका: १९२०/१० च्या पेसोवर बदल दशकाच्या जागी आहे, २ च्या खाली १.

पोकळीतला प्रत्येक उंचवटा म्हणजे जुना आकडा नव्हे. डायचा टवका उडाला तर बेढब गोळा उठतो, गंजली तर बारीक पुरळ, तडकली तर वेडीवाकडी रेघ. खऱ्या अवशेषाला पंचाची जाडी आणि वळण असतं. त्याच टांकसाळीचं आधीच्या सालाचं नाणं शेजारी ठेवून ते वळण जुळवा. चिनी व्यापाऱ्यांनी मारलेले चॉपमार्क तर खोलगट असतात, त्यांचा इथे संबंधच नाही.

फोटो मोठा करून हे ठरत नाही, कारण एका बाजूच्या उजेडात सावलीसुद्धा रेघेसारखी दिसते. १० पट भिंग घ्या, दिवा नाण्याच्या पातळीपासून थोडाच वर ठेवा आणि नाणं सावकाश पूर्ण फिरवा. सावली जागा बदलते. धातूची कड जिथल्या तिथे राहते. विक्रेत्याकडून निदान दोन विरुद्ध बाजूंच्या उजेडातले फोटो मागा.

दुर्मीळतेचं म्हणाल, तर काही सालांच्या ओव्हरडेट सहज मिळतात. भाव टांकसाळ, साल, परीक्षक आणि नाण्याची झीज यांवर ठरतो.

नाणं नकली नाही ना, हे बघायला पैसे देण्याआधी वजनही करा. ८ रेआलेसचं प्रमाण वजन २७.०७ ग्रॅम, चांदी ०.९०३, म्हणून घनता साधारण १०.३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. झिजेमुळे वजन थोडं घटतं, घनता मात्र घटत नाही. आणि अवशेषाभोवती भिंगाखाली ताजे ओरखडे दिसले, तर तो आकडा टांकसाळीत नव्हे, नंतर कुणीतरी कोरलेला असण्याची दाट शक्यता आहे.