‘सात वर्षांनंतर व्हायोलिन-पियानो येत नाही’ हा दावा तपासून पाहताना

नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेले काही महिने एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: व्हायोलिन किंवा पियानो वयाच्या सातव्या वर्षाच्या आत सुरू केला नाही तर तो नीट येत नाही, कारण त्यानंतर स्वर ओळखणारा कान तयार होत नाही, प्रसिद्ध पाश्चात्त्य संगीतकार मोझार्ट तीन वर्षांचा असतानाच वाद्यापाशी बसला होता, त्याचे संगीत ऐकल्याने मुलांचा बुद्ध्यांक वाढतो, मोठ्या माणसांची बोटे वळत नाहीत, आणि व्हायोलिन हाती घेण्यापूर्वी दोन वर्षे पियानो शिकणे आवश्यक असते. मी गंगापूर रोडवर ही दोन्ही वाद्ये लहानांना आणि मोठ्यांना शिकवतो. या संदेशामुळे साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन धास्तावलेले आईवडील येतात, आणि त्याच घरातली, वाद्य शिकण्याची मनापासून इच्छा असलेली आजी ‘आमचं वय गेलं’ असे म्हणून बाहेरच्या बाकावर बसून राहते. म्हणून त्यातला एकेक मुद्दा नीट पाहणे मला गरजेचे वाटते.

कानाच्या मुद्द्यात सत्याचा एक अंश आहे, तो आधी मान्य करतो. कोणताही आधारस्वर न घेता, केवळ ऐकून ‘हा स्वर अमुक पट्टीचा’ असे सांगण्याची जी क्षमता असते, म्हणजे निरपेक्ष स्वरज्ञान, ती बहुधा ज्यांचे संगीतशिक्षण सहा-सात वर्षांच्या आत सुरू झाले अशांमध्येच आढळते. संदेशातली ‘सात’ ही संख्या तिथूनच आलेली दिसते. परंतु वाद्य वाजवण्यासाठी लागते ते हे ज्ञान नव्हे. लागते ते एका स्वरापासून दुसऱ्या स्वराचे अंतर ओळखणारे सापेक्ष स्वरज्ञान, आणि ते कोणत्याही वयात कमावता येते. आपल्याकडे तर संगीताची सारी उभारणीच त्यावर आहे: एक गायक हार्मोनियमच्या पांढरी एक या पट्टीचा षड्ज, म्हणजे सा, धरतो, दुसरी गायिका काळी चारचा, आणि ऐकणाऱ्याला दोघांचाही गंधार, म्हणजे ग, गंधारच वाटतो.

ही वाद्ये पाश्चात्त्य असल्यामुळे आपला दाखला त्यांना लागू होत नाही, असे कोणी म्हणेल. पियानोच्या वादनपद्धतीबाबत ते काही अंशी खरे आहे. व्हायोलिनबाबत मुळीच नाही. बालुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते कर्नाटक संगीतात आणले. हिंदुस्थानी संगीतात एन. राजम यांनी व्हायोलिनवर गायकी अंग, म्हणजे गळ्याने गायल्यासारखे वादन, उभे केले, त्या पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्या शिष्या. आणि ओंकारनाथ हे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, ज्यांचा आश्रम आपल्या पंचवटीत होता. सरकत्या षड्जाचा कान आणि व्हायोलिन यांचे नाते इतके जवळचे आहे.

कान प्रत्यक्षात कसा घडतो, हेही सांगायला हवे. व्हायोलिनच्या फिंगरबोर्डवर पडदे नसतात. पूर्ण आकाराच्या वाद्यावर तारेचा कंप पावणारा भाग सुमारे साडेबत्तीस सेंटिमीटर असतो; मोकळ्या, म्हणजे बोट न दाबलेल्या, तारेपासून पहिला अर्धस्वर सुमारे १८ मिलिमीटरवर येतो आणि सप्तकभर वर गेल्यावर तेच अंतर निम्मे होते. एवढ्या बारीक जागा कोणी पाठ करत नाही, त्या ऐकूनच सापडतात. ए तारेवर तिसरे बोट नेमक्या जागी पडले, की शेजारची मोकळी डी तार कोणी न छेडता थरथरू लागते, आणि बोट किंचित सरकले तरी ती थरथर विरते. ही खूण मी सहा वर्षांच्या मुलाला दाखवतो तशीच साठीच्या गृहस्थांनाही दाखवतो. ती दोघांनाही ऐकू येते. मोठ्या माणसांना तर तिचे कारण सांगितले की ती अधिक लवकर सापडते, असा माझा अनुभव आहे.

मोझार्टच्या उदाहरणात एक गोष्ट गाळली जाते. त्याचे वडील लिओपोल्ड हे स्वतः व्हायोलिनवादक होते, आणि मोझार्ट जन्मला त्याच वर्षी, म्हणजे १७५६ मध्ये, त्यांचे व्हायोलिन शिकवण्यावरचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या मुलाच्या घरात असा शिक्षक दिवसभर हजर होता, त्याच्या यशाचे श्रेय केवळ कोवळ्या वयाला देणे योग्य नाही. त्याच्या शेजारी शिनिची सुझुकी यांचे उदाहरण ठेवून पाहावे. तीन-चार वर्षांच्या मुलांना मातृभाषेसारखे व्हायोलिन शिकवण्याची जगभर पसरलेली पद्धत ज्यांनी घडवली, त्यांचे वडील व्हायोलिनच्या कारखान्याचे मालक होते. तरीही, त्यांच्याच सांगण्यानुसार, व्हायोलिनवादक मिशा एल्मन यांची ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांनी स्वतः वाद्य हाती घेतले ते सतराव्या वर्षी. पुढे ते बर्लिनला जाऊन व्हायोलिनवादक कार्ल क्लिंगलर यांच्याकडे शिकले.

बुद्ध्यांकाचा मुद्दा थोडक्यात संपतो. ज्यावरून हा समज पसरला, तो १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेला प्रयोग ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता. मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा दहा मिनिटे ऐकल्यावर आकार आणि जागा यांविषयीच्या एका चाचणीत त्यांचे गुण वाढले, आणि तो परिणाम पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही. त्यात लहान मुले नव्हती, आणि वाद्य शिकण्याशीही त्याचा काही संबंध नव्हता.

बोटांबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मोठी माणसे इथेच हार मानतात. नाशिकरोडच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे आले, तेव्हा आपली बोटे कामाने राठ झाली आहेत, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात बोटांना काही झालेले नव्हते. ताण खांद्यात होता, आणि त्याहून अधिक उजव्या अंगठ्यात. गजाचे वजन जेमतेम साठ ग्रॅम असते. तो पडेल या भीतीने मोठा माणूस अंगठा ताठ करून त्याला आवळतो, मग मनगट अडकते आणि आवाज खरखरीत निघतो. आम्ही तीन आठवडे डाव्या हाताला हातच लावला नाही. मोकळ्या तारांवर संथ, लांब गज ओढणे, अंगठा वाकलेला ठेवणे आणि दर पाच मिनिटांनी हात सैल सोडणे, एवढेच केले. चौथ्या महिन्यात त्यांनी भूप रागाचा आरोह-अवरोह स्वच्छ वाजवला. मुलांची बोटे सैल असतात हे खरे, पण मुलाला एका जागी वीस मिनिटे उभे ठेवणे किती कठीण असते, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोठा माणूस पहिल्याच दिवशी रोजची अर्ध्या तासाची वेळ ठरवू शकतो आणि स्वरलेखन दोन-तीन आठवड्यांत वाचू लागतो. दोघांच्या अडचणी वेगळ्या आहेत, म्हणून पाठही वेगळे आखावे लागतात. मुलांचाच अभ्यासक्रम मोठ्यांपुढे ठेवणाऱ्या शिक्षकामुळे जे अपयश येते, ते वयाच्या नावावर मांडले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

शेवटचा मुद्दा, आधी पियानो आणि मग व्हायोलिन. पियानोवर स्वर तयार मिळतो आणि दोन्ही हातांचे, दोन ओळींचे वाचन लवकर पक्के होते, हा त्याचा मोठा फायदा आहे. पण शरीराच्या मापाने पाहिले तर लहान मुलाला व्हायोलिनच अधिक सोयीचे ठरते. पियानोवरचे एक सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटर रुंद असते आणि मूल लहान म्हणून पट्ट्या लहान होत नाहीत. व्हायोलिन मात्र एक-सोळांशापासून पाव, अर्धा, पाऊण अशा मापांत मिळते. कोणते वाद्य आधी घ्यावे, हे मुलाला कोणत्या आवाजाची ओढ आहे यावर ठरवावे. व्हायोलिन ठरले, तर ‘पुढे मोठे होईल’ म्हणून पूर्ण आकाराचे वाद्य विकत घेऊ नये; मुलाला सोबत नेऊन, वाद्य खांद्यावर ठेवून, त्याचा डावा तळवा टोकाच्या वळणाला सहज कवेत घेतो का ते पाहावे, आणि हात ताणावा लागत असेल तर एक माप खाली यावे.