रिकामी जागा म्हणे!

पुन्हा आला डंपर. रात्री दीडला, दिवे बंद करून. सकाळी उठून गेले तर आमच्या उरणच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या खाऱ्या दलदलीत, टाइल्सचे तुकडे, प्लास्टर, एक अख्खं फुटकं कमोड, आणि त्याखाली चेंगरलेली मोरस, खाऱ्या चिखलातलं झुडूप. तक्रारीचा फोन केला. तिथले साहेब विचारतात, "तिथे तिवरं, मॅन्ग्रोव्ह, आहेत का?" नाहीत. "मग रिकामीच जागा ना, मॅडम!"

रिकामी? अहो, उधाणाच्या भरतीला या एकदा, चपला हातात घेऊन. तिवरांतून पाणी चढत चढत मोरसच्या झुडपांपर्यंत येतं आणि त्या घोटाभर पाण्यात बोईट माशांची पिल्लं लखलखतात, आगकाडीएवढाली. कोलंबी अंडी घालते समुद्रात, पण तिची पोरं मोठी होतात इथे, खाडीच्या चिखलात. जिताडा माशाचंही तेच. इथे पोटभर खायला मिळतं, आणि गिळायला टपलेला मोठा मासा एवढ्या उथळात शिरत नाही. निवट्या मासा तर बापडा बीळ करूनच राहतो. त्याच्या डोक्यावर डंपर उलटा केलात, की त्याने जायचं कुठे?

बरं, तिवरं नाहीत म्हणजे कायदा नाही, हे कुणी शिकवलं यांना? २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिवरांभोवतीची ५० मीटर जागासुद्धा राखायला सांगितलीय. आणि सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी राखायच्या नियमांच्या, २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांत खारी दलदल पहिल्याच, सगळ्यात कडक वर्गात आहे, तिवरांच्याच पंगतीला. वाचा की जरा!

वाचणार कसले. रस्त्याखालच्या मोरीचे पाइप डेब्रिजने बुजलेत, भरतीचं पाणी आत येत नाही. आत अडकलेलं हिरवं पडलंय, वास मारतंय. आता सोसायटीच्या ग्रुपवर ओरड: डास झाले, भराव टाकून सपाट करा एकदाचं! आधी गळा दाबायचा, मग म्हणायचं मेलंय, पुरा.

त्या ढिगात निळ्या फुलांची टाइल होती. ओळखली मी. दिवाळीला एका काकांकडे त्याच ओट्यापाशी उभं राहून चहा प्यायलाय. आणि रविवारी बाजारात तेच काका मासेवाल्या मावशींशी हुज्जत घालत होते. जिताडा एवढा महाग? आणि चव का नाही पहिल्यासारखी?

"तलावातला हाय, शेट," मावशी म्हणाल्या. "खाडीचा आता मिलतो कुठं?"

काकांनी तोंड वाकडं केलं आणि पापलेट घेतलं.