दुसरीकडे मिळणारी पुस्तकं

गेल्या पंधरा दिवसांत आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरस्वतीचा इतक्या वेळा अपमान झालाय, की तिने एव्हाना गाव सोडलं असेल. झालं एवढंच, की गावच्या वाचनालयाने 1,900 पुस्तकं बाद करायचा ठराव केला आणि गठ्ठे टेम्पोत चढवतानाचा फोटो कुणीतरी टाकला. मग 'ज्ञानाची रद्दी' झालं, 'पूर्वजांची ठेव किलोच्या भावाने' झालं, आणि शेवटी ठरल्याप्रमाणे ते आलंच: 'अमेरिकेत बघा, पुस्तकं कशी जपतात!'

इथे मला राहवेना. मी वीस वर्षं मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात राहते आणि दर वसंतात इथल्या लायब्ररीच्या तळघरात बुक सेल लावायला जाते. शेवटच्या दोन तासांत पाच डॉलरला पिशवी, मावतील तेवढी पुस्तकं तुमची. त्यातूनही उरतात त्यांचे पुठ्ठे टराटरा फाडायचे आणि आतला कागद रिसायकलिंगला टाकायचा. मी स्वतः फाडले आहेत. कुणी हळहळलं नाही. नंतर डोनट होते.

वाचनालयाचा कार्यवाह माझा चुलतभाऊ आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ग्रुपवर कुणीतरी सांगेलच. दादाने मला बाद यादी पाठवली. फ्लॉपी कशी घालावी हे चित्रांसकट दाखवणारी संगणक मार्गदर्शिका. कधीच रद्द झालेल्या अभ्यासक्रमाची गाइडं, एकेकाच्या चार-चार प्रती. ज्या वर्षीचा आयकर भरणारे बहुतेक वर गेले, त्या वर्षीचं आयकराचं पुस्तक. कसरीने असं कोरलेलं एक प्रवासवर्णन, की पान उजेडात धरलं तर पलीकडचा पंखा दिसतो. यातलं एकही पुस्तक दहा वर्षांत देवघेवीच्या टेबलावर आलेलं नाही. आणि ग्रुपवर गळा काढणाऱ्या चाळीस जणांपैकी वर्गणीदार किती? दोन. मी मोजले.

एकाने भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांना ओढलं. म्हणे, 'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे', मग कमी कसं करता? रंगनाथनांनी 1931 साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं याने नेमकं पाचवं पकडलं. पहिलं सूत्र आहे, पुस्तकं वापरासाठी असतात. वाढत्या पोराचीही नखं कापावी लागतातच की.

इथे नखं कापायचे नियम ठरलेले आहेत. 1976 साली टेक्सासमध्ये लहान लायब्रऱ्यांसाठी एक पद्धत लिहिली गेली, ती अजून चालते. सहा कसोट्या: दिशाभूल करणारं, कळा गेलेलं, नव्या आवृत्तीने मागे टाकलेलं, फुटकळ, इथल्या वाचकाला नको असलेलं, आणि दुसरीकडे सहज मिळणारं. आमची लायब्ररियन बाई दर आठवड्याला हातगाडी घेऊन एकेका कपाटापुढे उभी राहते, बारकोड वाचते, शेवटचं कधी गेलं ते बघते. आरोग्य आणि कायद्याच्या पुस्तकांना तर ती अजिबात दयामाया दाखवत नाही. खरेदीही तशीच. एखाद्या पुस्तकासाठी नंबर लावणारे वाढले, की दुसरी प्रत येते.

आपल्याकडे घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते ग्रुपवर कुणालाच ऐकायचं नाही. महाराष्ट्राच्या 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाला अनुदान मिळतं ते वर्गाप्रमाणे, आणि वर्ग ठरवताना पुस्तकं मोजतात. अ वर्गाला 15 हजारांवर, ब वर्गाला 5 हजारांवर. म्हणजे वाळवी लागलेलं पुस्तकही दाखल रजिस्टरात जिवंत ठेवणं फायद्याचं. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याची मदत हवी असेल, तर लोकसंख्येप्रमाणे बजेटचे 12 ते 20 टक्के दरवर्षी पुस्तकं वगैरेंवर खर्च करावे लागतात. कपाटात साठलं किती, यावर मदत ठरत नाही. आमचं वाचनालय ब वर्गाचं. 7,200 पुस्तकांतून 1,900 गेली की उरतात 5,300. दादाने कपाटं बघून यादी केली की वजाबाकी करून, याची मला शंका आहे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एका वर्गमित्राने विचारलं, 'तुमच्याकडे लायब्ररी घरपट्टीच्या पैशावर चालते. आमच्या ग्रंथपालाला महिन्याला किती मिळतात, माहीत आहे का तुला?' मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर माझी घरपट्टीही सांगावी लागली असती.

पण खरी गोची केली ती मराठीच्या बाईंनी. त्यांनी यादी नीट वाचली होती, जे मी केलं नव्हतं. 'अगं, 1,240 नंबरला गावच्या पाणीयोजनेची पुस्तिका आहे. छापखाना बंद पडला, छापणारे गेले. ही दुसरीकडे कुठे मिळायची?' सहावी कसोटी. इथे कसं आहे, आमच्या लायब्ररीने काढलेलं पुस्तक शेजारच्या गावातून व्हॅनने दोन-चार दिवसांत येतं. म्हणून इथल्या लायब्ररियन बाईची हातगाडी बिनधास्त फिरते. आमच्या गावातून टेम्पो गेला की गेला. मी दादाला फोन केला. म्हणाला, 'बघतो.' या 'बघतो'चा अर्थ मला अजून बरोबर कळतो.

एक गोष्ट ग्रुपवर लिहिलेली नाही. इथल्या लायब्ररीत मागच्या भिंतीला जगातल्या भाषांचा एक कप्पा आहे. त्यात चौदा मराठी पुस्तकं, पाठीवर 'एम ए आर' असं लेबल. पहिल्यांदा मला तो मार्च वाटला होता. कॅटलॉगात त्यांची नावं रोमन लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि पायाशी टिंबं लावून, परक्यासारखी उभी. चौदापैकी अकरा मीच बॅगेतून, तेवीस किलोंच्या हिशेबात साड्या कमी करून आणलेली. गावात मराठी वाचणारी, माझ्या माहितीत, मी एकटी. आणि दोन वर्षं न हललेलं पुस्तक हातगाडीवर जातं, हे मला कुणापेक्षाही चांगलं ठाऊक आहे.

म्हणून दर चार-पाच महिन्यांनी मी ती चौदाही घरी नेते. तीन आठवडे गाडीच्या डिकीत ठेवते आणि परत करते. वाचत नाही. बरीचशी वाचलेली आहेत, उरलेली वाचवत नाहीत.

परवा परत करताना काउंटरवरची मुलगी स्क्रीन बघून खूश झाली. या भाषेला आपल्या गावात चांगली मागणी दिसते, म्हणाली, आणखी मागवायची का? तिने सूचनेचा फॉर्म पुढे केला. मी तीन नावं लिहिली. सुचवणाऱ्याच्या रकान्यात नवऱ्याचं नाव घातलं.