जरा सरकून घ्या

"संगीत शिकवता? म्हणजे पेटी की तबला?" सोसायटीतल्या काकूंना मी एकदा खरं सांगून बसलो, "सध्या टाळ्या." तेव्हापासून त्या बायकोशी जास्तच मायेने बोलतात.

ठाण्यातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर संगीतशास्त्र आणि समकालीन संगीतरचना शिकवतो. तास झाला तर पैसे, सुट्टी आली तर हरी हरी. यंदा अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं १९७२ सालचं 'क्लॅपिंग म्युझिक' बसवायला घेतलं. वाद्य नाही, सूर नाही. दोन माणसं, चार हात. बारा मात्रांचा एकच तुकडा: तीन टाळ्या, गप्प, दोन, गप्प, एक, गप्प, दोन, गप्प. सुरुवातीला दोघं एकत्र. मग एक जण आहे तिथेच राहतो आणि दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एकेक मात्रा सरकत जातो. बारा वेळा सरकला की दोघं पुन्हा एकत्र.

फळाभर आकृत्या काढल्या. वर्ग मख्ख. शेवटी वैतागून म्हणालो, "अरे, लोकलमधली चौथी सीट! तिघांच्या बाकावर चौथा. 'जरा सरका' म्हटल्यावर एकानेच सरकायचं, दुसऱ्याने ढिम्म हलायचं नाही." कर्जत लोकलने येणारी गिटारवाली लगेच म्हणाली, "मग मी सरकते सर, सवय आहे."

ढिम्म राहायला पखवाजवाला निवडला. त्याची शंका वेगळी. "बारा मात्रा म्हणजे चौतालच ना? मग हिला सम सोडून पळायला कोण सांगतं?" राइश १९७० साली घानात जाऊन ढोलवादन शिकला होता, असंही मी सांगून पाहिलं. "इतक्या लांब? आमच्या पथकात आला असता की!"

गंमत म्हणजे सरकणारी सहज सरकली. हा जागच्या जागी राहणारा मात्र पाचव्या फेरीला तिच्यामागे वाहवत जायचा. मग त्याने चप्पल काढून पायाच्या अंगठ्याने सम धरायला सुरुवात केली. तळवे लाल, अंगठा काळा. तिसऱ्या दिवशी दारात शिपाईकाका ओंजळ पुढे करून उभे. "आरती झाली ना? प्रसाद?"

रंगीत तालमीला बाकीचे वर्ग बोलावले आणि तिथे माती झाली. दुसऱ्याच आवर्तनाला अख्खं सभागृह केरव्यात टाळ्या देऊ लागलं. आपल्याकडे टाळी ऐकली की हात शिवशिवतातच. मी विंगेतून दोन्ही हात हलवून "नको, नको" करत होतो. लोकांना वाटलं, सर जोर वाढवायला सांगतायत.

म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी निवेदिकेकडून तीनदा बजावून घेतलं: कृपया कोणीही टाळ्या वाजवू नयेत. कोणी वाजवल्या नाहीत. जेमतेम पाच मिनिटं. बाराव्या सरकण्याला पोरं अशी नेमकी समेवर आली की माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी वाकून नमस्कार केला.

सभागृह चिडीचूप.

बऱ्याच वेळाने मागच्या रांगेतून दबका आवाज आला, "सर, आता वाजवायच्या का?"