सात दिवसांत पाम हिरवा होत नाही, उलट मरतो

मे महिन्यात घर बंद करून गावाला जायचं आणि जूनमध्ये परत आल्यावर हॉलमधला अरेका पाम झाडूसारखा झालेला बघायचा, हे जळगाव-भुसावळ-धुळ्याकडे घरोघरी चालतं. त्याच सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘वाळलेला पाम ७ दिवसांत हिरवागार! शेंडा छाटा म्हणजे फुटवे येतील. सगळी पिवळी पानं काढून टाका. लगेच मोठ्या कुंडीत हलवा. एप्सम सॉल्ट आणि केळीच्या सालीचं पाणी द्या. सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. कडक उन्हात ठेवा.’ शेवटी ‘अरेका घरातली हवा शुद्ध करतो’ म्हणत नासाचं नाव असतंच. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ पामाच्या मुळावर येणारी आहे.

सगळ्यात घातक सल्ला शेंडा छाटायचा. गुलाब छाटला, जास्वंद छाटली तर खालच्या डोळ्यांतून फूट येते. पामाच्या खोडाला असे बाजूचे डोळे नसतात. एका खोडाला वाढीचा कोंब एकच, तोही वर, पानांच्या देठांच्या आत लपलेला. तो गेला की त्या खोडाला पुन्हा पान येत नाही. नाल्याकाठच्या शिंदीचा गाभा कुणी खायला काढला तर ते झाड उभ्याउभ्या वाळतं, हे गुरं राखणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. अरेका बेटाने वाढतो, तळातून केळीसारखी पिलं काढतो, म्हणून अख्खी कुंडी लगेच जात नाही एवढंच. छाटलेलं खोड मात्र गेलंच.

‘सगळी पिवळी पानं काढा’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण पान पिवळं का झालं? कुंडीतल्या पामात बऱ्याचदा पोटॅश कमी पडतं, आणि तेव्हा झाड जुन्या पानातलं पोटॅश काढून नव्या पानाला पुरवतं. म्हणून पिवळेपणा, नारिंगी ठिपके, करपलेली टोकं आधी खालच्या पानांवर दिसतात. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे नव्याने सांगायला नको. केळीतही पोटॅशची ओरड जुन्या पानाच्या कडेवरच आधी उमटते. अर्धं पिवळं पान म्हणजे झाडाची शिल्लक. ते कापलं की झाड वरच्या पानाला हात घालतं आणि पिवळेपणा वर चढतो. फ्लोरिडा विद्यापीठाच्या पाम-तज्ज्ञांनी हे अभ्यासून सांगितलेलं आहे. तेव्हा पूर्ण तपकिरी, कडकडीत वाळलेलं पान तेवढं काढा. टोकं वाईट दिसत असतील तर कात्रीने कापा, पण हिरव्यात शिरू नका. आणि पिवळं पडलेलं पान पुन्हा हिरवं होईल ही आशा सोडा.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. कमतरता पोटॅशची असताना मॅग्नेशियम ओतलं तर तोल आणखी बिघडतो. शिवाय तहानेने अर्धमेल्या मुळांना कुठलंही खत लगेच देऊ नये. केळीच्या सालीतून थोडं पोटॅश पाण्यात उतरतं खरं, पण किती, याचा हिशेब नाही. हॉलमध्ये चिलटं मात्र नक्की येतात.

आता पाणी. खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे कुंडी बहुतेक वेळा शेतातल्या काळ्या मातीने भरतात. ही माती वाळली की आकसते, भेगाळते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. तुम्ही वरून तांब्या ओतता, पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली उतरतं, ताटली भरते आणि आपल्याला वाटतं झाड प्यालं. मधला गोळा विटेसारखा कोरडाच! बोट खुपसून बघा, शिरणार नाही. अशी कुंडी घमेल्यात पाणी घेऊन त्यात बसवा, वर येणारे बुडबुडे थांबले की काढा आणि पूर्ण निथळू द्या. पुढचं पाणी वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावर. रोज दोनदा घातलं तर हीच काळी माती चिखल होते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेल्या मुळाचं पान तहानलेल्या झाडासारखंच दिसतं, मग माणूस आणखी पाणी घालतो.

पाणी कुठलं, हेही मेसेज विचारत नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय? तो बोरच्या पाण्यातल्या क्षारांचा. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी ‘वाया कशाला’ म्हणून कुंड्यांना घालतात, त्यात तर क्षार आणखी दाट असतात. अंगण धुवायला ते ठीक, पामाला नको. पावसाळ्यात कुंडी आडोशाच्या सावलीत, पण पावसात ठेवली तर क्षार आपसूक धुऊन जातात.

मोठी कुंडी नंतर बघू. आजारी मुळं जितकी कमी हलवाल तितकं बरं, आणि थोड्या मुळांभोवती भरपूर ओली माती म्हणजे कुजण्याला आमंत्रण.

उन्हाचं तर बोलायलाच नको. ४५ अंशांच्या गावात घरातलं झाड एकदम गच्चीवर नेलं तर एका दुपारीत पानांवर पांढुरके चट्टे पडतात, ते कायमचे. पूर्वेची खिडकी किंवा पडद्याआडचा उजेड पुरतो. कूलरचा झोत मात्र थेट पानांवर नको.

लाल कोळी या पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीचा या मेसेजमध्ये उल्लेखच नाही. बंद, तापलेल्या, कोरड्या घरात ती हमखास येते. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पडलेले ठिपके चालायला लागले तर तीच. न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू जोरदार पाण्याने धुवा, चार-पाच दिवसांनी पुन्हा.

नासाचं थोडक्यात: १९८९चा तो अभ्यास बंद पेट्यांमध्ये झाला होता आणि त्यात अरेका नव्हताच. उघड्या दारं-खिडक्यांच्या घरात एका कुंडीने हवा शुद्ध होत नाही.

राहिले ते सात दिवस. घरातल्या उजेडात अरेकाला नवं पान यायला महिना-दीड महिनाही लागतो, त्यामुळे जूनला सुरुवात केली तर दिवाळीपर्यंत काही ठरवू नका. जीव आहे का हे बघायचं असेल तर मधल्या पोंग्यावर, म्हणजे न उघडलेल्या गुंडाळलेल्या नव्या पानावर, शेजारच्या देठाच्या उंचीला स्केचपेनने रेघ मारा. दोन-तीन आठवड्यांत रेघ वर सरकली तर झाड चालू आहे. सरकली नाही आणि पोंगा हलक्या हाताने ओढल्यावर घाण वास मारत सुटून आला, तर ते एक खोड तळातून कापा. बाकीच्यांना हात लावू नका.