विसण

परवाच्या शनिवारी ऐंशीच्या पुढच्या एका जपानी म्हाताऱ्याने, अंगावर सूतभर कापड नसताना, मला अंघोळ कशी करायची ते शिकवलं. मला! ज्या घरात पारोशाला चहाच्या कपाला हात लावू देत नसत त्या घरातला मी. अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून टाकतोय.

बाकी ट्रिपचं थोडक्यात. तोक्योत तिसरा हिवाळा, बायकोचा हट्ट, शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीडेक तासात नागानो, तिथून छोट्या रेल्वेने युदानाका, आणि पुढे शिबू ओन्सेन नावाचं गाव. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा. बर्फ भरपूर होता. फोटो व्हॉट्सअॅपवर टाकलेत, नागपूरच्या सगळ्या ग्रुपवर लोकांनी अंगठे देऊन झालेत.

शिबू म्हणजे एक अरुंद दगडी गल्ली, दोन्ही बाजूंना लाकडी हॉटेलं, आणि मध्ये मध्ये गावाच्या मालकीची गरम पाण्याची नऊ स्नानगृहं. बहुतेक ठिकाणी गावकरी आणि तिथल्या हॉटेलात उतरलेले पाहुणे एवढ्यांनाच प्रवेश, हॉटेलवाले लाकडाच्या भल्यामोठ्या पट्टीला बांधलेली किल्ली देतात. प्रत्येक पाण्याचा वेगळा गुण, एक पोटाला, एक संधिवाताला, एक डोळ्यांना. जपानीत नवाला 'कु' म्हणतात आणि दुःखालाही 'कु'च, म्हणून नऊच्या नऊ ठिकाणी डुंबलात की दुःखं धुऊन जातात असा हिशेब. त्यासाठी एक पातळ टॉवेल विकत मिळतो, दर ठिकाणी त्यावर शिक्का मारून घ्यायचा. बायकोने लगेच दोन घेतले. माझ्या टॉवेलवर सध्या एक शिक्का आहे, तोही वाकडा.

तर संध्याकाळी अंगात युकाता (पट्ट्याने बांधायचा सुती झगा), पायात लाकडी गेता, खाली बर्फ, अशा अवस्थेत सर्कशीतल्या माणसासारखा तोल सावरत मी त्यातल्या एका स्नानगृहात शिरलो. कितव्या नंबरच्या ते सांगत नाही, उगाच कशाला. आत लाकडी हौद, वाफ, आणि पाण्याचा रंग पहिल्या पुरात नाग नदीला येतो तो. लोह असतं म्हणे त्यात. त्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले आजोबा. डोळे मिटलेले, डोक्यावर ओल्या टॉवेलची घडी, तापात आई ठेवायची तशी.

नियम मला माहीत होते हो. कपडे अजिबात नाहीत, आधी अंग धुवायचं, मग उतरायचं, टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही. या छोट्या ठिकाणी शॉवर-बिवर नसतो, बसायचं आणि बादलीने हौदातलंच पाणी अंगावर घ्यायचं, त्याला 'काकेयु' म्हणतात. मी दोन बादल्या घेतल्या, पाय उचलला, आणि मिटल्या डोळ्यांनीच आजोबा म्हणाले, "आ आ आ. काकेयु."

म्हटलं झालं की. नाही, झालं नव्हतं. परत बसलो, तीन बादल्या घेतल्या, उठलो. आता एक डोळा उघडला. त्यांनी हात वर करून स्वतःची काख दाखवली, मग माझ्या काखेकडे बोट केलं. पुन्हा बसलो. तिसऱ्या वेळी कानामागे. चौथ्या वेळी पायाची बोटं, तीही एकेक मोजून दाखवली. आईनंतर माझ्या कानामागे इतक्या बारकाईने कोणी लक्ष घातलं नव्हतं, आणि आई निदान नंतर गरम पोळी द्यायची. शेवटी आजोबांनी मान हलवली, म्हणजे पास. मी त्या गढूळ तांबड्या पाण्याला मळवणार अशी या माणसाला खात्री होती, हे लक्षात घ्या.

मग पाय आत घातला आणि तो ज्या वेगाने गेला त्याच वेगाने बाहेर आला. माझ्या अंदाजाने 46 डिग्री असेल, आजोबांच्या चेहऱ्यावरून 30.

आता भिंतीवर पाटी होती, इंग्रजीतसुद्धा, की फार गरम वाटलं तर गार पाणी सोडा आणि मग नळ आठवणीने बंद करा. कोपऱ्यात नळही होता. आपल्याकडे याला विसण म्हणतात, विसण घालणे ही अंघोळीतली पहिली कृती आहे, बंबातलं कडकडीत पाणी घंगाळात काढलं की आजी ओरडायची, "विसण घेतलंस का रे?" हजारो वर्षं गरम पाण्यात बसणाऱ्या देशात हा शब्द नसेल असं मला वाटलंच नव्हतं. आहे, 'उमेरु' म्हणतात. तो मला कसा कळला ते पुढे.

मी नळ सोडला. आजोबांचे दोन्ही डोळे उघडले. "उमेरुना," म्हणजे विसण घालू नकोस. त्यांनी हात लांब करून नळ बंद केला. मी पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी पाटीकडे पाहिलं, पाटी नुकतीच कोणीतरी लावून गेल्यासारखं, आणि पुन्हा डोळे मिटले. मी अर्धा नळ सोडला. पाण्याखालून पाय आला आणि पायाने बंद झाला. ऐंशी वर्षं! मी पाव नळ सोडला, नुसती धार, मारुतीच्या देवळात तेल सोडतात तेवढी. "नुरुइ!" कोमट झालं! एका धारेत अख्खा हौद कोमट!

माझं जपानी ऑफिसचं आहे. त्यात मी 'डेडलाइन थोडी पुढे नेता येईल का' हे अतिशय नम्रपणे विचारू शकतो. पण एका नागड्या माणसाने दुसऱ्या नागड्या माणसाशी नळावरून भांडायचं तर क्रियापद कुठलं वापरायचं, हे कोणत्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. मी म्हणालो, "सुमिमासेन, इंडियात आम्ही गार पाणी मिसळतो."

"इंदो?" आजोबा खुलले. दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "गांजिसु." गंगा. मग दोन्ही हात अंगाभोवती घेऊन कुडकुडून दाखवलं. म्हणजे तुम्ही लोक गंगेच्या गार पाण्याचे, तुम्हाला उष्णता कुठून सोसणार, बिचारे.

मी नागपूरचा आहे! मे महिन्यात आमच्याकडे 46 डिग्रीची हवा असते, त्यात आम्ही लग्नं लावतो, कोट घालून! लहानपणी पैनगंगेकाठी उनकेश्वरला गंधकाच्या कुंडात आजोबांबरोबर (माझ्या, यांच्या नव्हे) अंघोळ केलेला माणूस मी. हे सगळं सांगायला माझ्याकडे जपानी नव्हतं आणि गुडघ्याखाली संवेदना नव्हती. पोटऱ्या टोमॅटोसारख्या झाल्या होत्या. आणि कायद्याचंच बोलायचं तर जपानच्या 1948 च्या ओन्सेन कायद्यात जमिनीतून निघणारं पाणी 25 डिग्री असलं तरी ते ओन्सेनच. पंचवीस, आजोबा! त्या हिशेबाने आमच्या गच्चीवरची टाकी उन्हाळाभर ओन्सेन आहे, फक्त पाणी जमिनीऐवजी महापालिकेकडून येतं, तेही एक दिवसाआड.

गुडघ्यापर्यंत उभा असतानाच माझ्या हातातल्या टॉवेलचं टोक पाण्याला लागलं. "दामे." म्हणजे चालणार नाही. मी बाहेर आलो.

कपडे घालायच्या खोलीत आजोबा मागोमाग आले. मी युकाता गुंडाळून पट्टा बांधला तर त्यांनी तोंडाने "त्सक्" केलं, सरळ पुढे येऊन पट्टा सोडला, दोन्ही पदर उघडले (आत काही नव्हतं, हे सांगायला हवं का) आणि उलटे करून डावा पदर उजव्यावर घातला. मग मला समजावं म्हणून डोळे मिटून छातीवर हात जोडले, मान टाकली. उजवा पदर वर असला म्हणजे प्रेत. इथे मढ्याला तसं नेसवतात. म्हणजे मी हॉटेलपासून इथपर्यंत भर गल्लीतून स्वतःच्या अंत्ययात्रेला चालत आलो होतो आणि वाटेतली सगळी माणसं वाकून नमस्कार करत होती ती का, ते आता कळलं.

बाहेर बायको वाट बघत होती, गुलाबी होऊन, हातात दोन संत्री. बायकांच्या बाजूला दोन आज्या होत्या म्हणे, त्यांनीच नळ सोडून दिला, पाठ चोळून दिली, संत्री दिली. "किती गोड माणसं आहेत रे इथली!" मी म्हटलं हो.

आजोबा वाईट नव्हते, मान्य. पण खरं सांगू का, ते "आ आ आ" मला ओळखीचं वाटलं. तोक्योत गच्च भरलेल्या ट्रेनमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहते तेव्हा तिथेही कोणीतरी न बोलता हेच म्हणत असतं. पहिल्या वर्षी मी शर्टाची काख हुंगून पाहायचो, सकाळी अंघोळ करून निघालेला माणूस! आता बॅग ठेवतो तिथे. सवय होते, पण दोन दिवस सुट्टी काढून, पैसे भरून, बर्फात गेता घालून पुन्हा तेच ऐकायला जायचं म्हणजे जरा होतं.

रात्रीचं जेवण खोलीत. शाकाहारी सांगितलं होतं, आठवण करून दिली होती, त्यामुळे मासे दिसत नव्हते, फक्त प्रत्येक रसात होते. मी ओयाकी खाऊन झोपलो. भाजी भरलेला कणकेचा गोळा, आपल्या कचोरीचा आजारी भाऊ.

रविवारी सकाळी माकडं बघायला जिगोकुदानीला. कान्बायाशीपासून बर्फातून दीडेक किलोमीटर चालायचं, मग दरीत हौद आणि त्यात लाल तोंडाची माकडं, डोळे मिटून, अगदी कालच्या आजोबांसारखी. एकानेही काकेयु केलेलं नव्हतं. शंभर माणसं हातमोजे काढून, बोटं गोठवत फोटो काढत होती, "कावाई, कावाई", म्हणजे किती गोड, चाललेलं. पाटीवर वाचलं की 1964 मध्ये हे पार्क सुरू झालं, त्याआधी माकडं जवळच्या हॉटेलच्या हौदात शिरायची, मग माणसांबरोबर एकत्र नको, स्वच्छतेचा प्रश्न, म्हणून त्यांच्यासाठी हा वेगळा हौद बांधला. मी बायकोला म्हटलं, आपल्यासाठीही बांधतील पुढच्या वर्षी. ती हसली नाही. तिच्या टॉवेलवर तोवर सात शिक्के झाले होते.

चेकआउटला बिल आलं, त्यात सगळ्यात खाली एक ओळ: न्यूतोझेई, म्हणजे अंघोळीचा टॅक्स, माणशी 150 येन. मी काउंटरवरच्या बाईंना विचारणार होतो की गुडघ्यापर्यंतचा किती होतो, पण मागे रांग होती.